सुगतबरोबर वेल्सच्या घाटात

फोन अभिजितचा होता, तेव्हाच मला कळलं. अभिजित एरवी ईमेल करणारा माणूस. मी न्यू यॉर्कच्या गाडीत नुकता खिडकीशी बसलेला असताना, एवढ्या सकाळी तो फोन करील याला एकच कारण असू शकत होतं. "विन्या, सुगत गेला यार," तो म्हणाला. समोरच्या बाकावरच्या बाईनं पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. पुढच्या स्टेशनावर उतरून मी उलटी गाडी पकडली आणि वेस्ट विंडसरला परत आलो. आलो खरा, पण सुगतच्या घरी गेलो नाही. स्वतःच्या घरी आलो, बूट काढले आणि सोफ्यावर बसलो. माझी बायको अनघा केव्हाच तिकडे पोचली होती. तिचा फोन आला, "येतोयस ना?" मी म्हटलं, "निघालोच." दुपारी परत फोन आला, तेव्हाही मी निघालोच होतो.

अशा माणसाला आता सुगतवर लिहायला सांगितलंय. "तुम्ही त्याचे जवळचे मित्र, वेल्सच्या त्या ट्रिपला बरोबर होतात," असं पुरवणीच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून हो म्हणालो.

सुगत नागपूरचा. इथे एका औषध कंपनीत संख्याशास्त्रज्ञ होता. १९९८ साली मी पुण्याहून इथे आलो आणि एका सहलीत आमची ओळख झाली ती भांडणानं. मी जुनी सायकल विकत घेतली होती आणि तिच्या सीटवर मांडी घालून बसल्यासारखा बसत होतो. कोण कुठला हा माणूस, जवळ आला, माझ्या हातातून सायकल काढून घेतली आणि पाना मागत म्हणाला, "खुर्ची नाहीये ती भाऊ, सीट आहे. वर घ्या जरा." मला न विचारता केलेली मदत आवडत नाही. तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "नका आवडू देऊ, गुडघे वाचतील." पुढच्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला, राइडला येता का म्हणून. तेव्हापासून दर रविवारी कालव्याच्या काठानं आम्ही चौघं जायला लागलो. सुगत, मी, मुंबईचा अभिजित आणि केदार. परत आलो की सुगतच्या घरी पोहे. ते तो स्वतः करायचा, वर झणझणीत तर्री ओतून. मी पहिल्यांदा म्हटलं, पोह्यांवर रस्सा कोण घालतं? त्यावर त्यानं ऐकवलं, "तुमचे पुण्याचे पोहे म्हणजे पेशंटचं जेवण." त्याची बायको प्रज्ञावहिनी आतून हसल्या. महिन्याभरात अहो-जाहो गेलं, मी विन्या झालो.

मेलेल्या माणसाला देव करून टाकायची आपल्याकडे घाई असते, म्हणून हेही सांगतो की सुगत सोपा माणूस नव्हता. पत्त्यांत हरला की तो तासभर फुगून बसे. चढावर कुणाला मागे टाकलं की तसं मोठ्यानं जाहीर करी. कुणाचं कौतुक करणं त्याच्या जिवावर येई. नकाशा त्याच्या हातात असला की इतरांनी रस्त्याकडे बघायचंही नाही. गणपतीला तो दरवर्षी आमच्याकडे यायचा, आरती चालू असताना स्वयंपाकघरात अनघाला मदत करत उभा राहायचा आणि मग सगळ्यांत जास्त मोदक खायचा. "आम्ही देव सोडला, उकड कुठं सोडली?" असं तो म्हणे. त्याची आई नागपुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, घरातली पहिली शिकलेली बाई. तिचा विषय निघाला की मात्र त्याचा आवाज बदलायचा.

वेल्सची कल्पना त्याचीच. नोकरीआधी तो वर्षभर तिथे संशोधनाला होता आणि तिथल्या रस्त्यांचं वर्णन इतक्यांदा करायचा की शेवटी त्याला गप्प करायला आम्ही हो म्हटलं. २००२ चा डिसेंबर ठरला. ऐन थंडीत सायकली हाणायला कोण जातं? पण सगळ्यांच्या रजा नाताळातच जमत होत्या, आणि तिकिटंही परवडणारी होती. बायकांनी वेड्यात काढलं. कार्डिफला सायकली भाड्यानं घेऊन, डोंगरांमधून वर उत्तरेला समुद्रापर्यंत जायचं. पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी पाऊस आणि वारा. चार वाजले की अंधार. पाट्यांवरची गावांची नावं वाचता येत नव्हती, सुगतला यायची, आणि ती तो मुद्दाम दोनदा म्हणून दाखवायचा. मेंढ्या मात्र जाल तिथे. रस्त्यात मधोमध उभ्या राहून त्या आमच्याकडे बघायच्या, आणि अभिजित त्यांना "एक्स्क्यूज मी मॅडम" म्हणायचा. इतका हसलो असेन मी... त्या दोन दिवसांइतका सुखात मी अमेरिकेत आल्यापासून नव्हतो.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी काही फार देवभक्त नाही, पण माझं ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी संकष्टी करायची, असं आईनं तिकडे पुण्यात परस्पर बोलून टाकलं होतं. आणि तेव्हा नोकऱ्या अशा पटापट जात होत्या, की देशाबाहेर पडताना पासपोर्टावरच्या शिक्क्याकडे मी दहा वेळा बघितलं होतं. परत आत घेतील की नाही ही धास्ती होतीच. अशा वेळी परक्या मुलखात उपास मोडायची माझी छाती नव्हती. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी साबुदाण्याचे वडे तळून, डबा भरून बरोबर घेतला होता. अनघा म्हणाली, "टिकायचे नाहीत." मी म्हटलं, "वेल्स म्हणजे फ्रीजच आहे, टिकतील." फ्रीजचं खरं होतं. पण दुसऱ्या रात्री आम्ही सायकलवाल्यांसाठीच्या एका साध्या वसतिगृहात उतरलो. तिथे ओले कपडे वाळवायला एक गरम, दमट खोली होती, आणि माझी सायकलची पिशवी भिजली म्हणून मी ती डब्यासकट त्या खोलीत रात्रभर ठेवली.

सकाळी डबा उघडला. सुगत शेजारी टोस्टला लोणी लावत होता. "वास येतोय बे विन्या, फेकून दे ते," तो म्हणाला. "अंडं खा दोन, आज मोठा चढ आहे."

मी म्हटलं, "उपासाचं तुला काय कळणार?"

हे वाक्य मी अभिजितला म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एक झाला असता. सुगतला म्हटल्यावर वेगळा झाला, आणि तो तसा झाला हे मला तोंडातून शब्द निघता निघताच कळलं. सुगतनं सुरी खाली ठेवली. "बरोबर आहे. मला नाहीच कळत," तो म्हणाला आणि जॅकेटची चेन ओढून बाहेर सायकली बघायला गेला. मी हट्टानं चार वडे खाल्ले. पाचवाही खाल्ला, कारण सुगत खिडकीतून दिसत होता.

दुपारी आम्ही त्या मोठ्या चढावर होतो. अभिजित आणि केदार बरेच पुढे निघून गेले होते, सुगत माझ्यापुढे एक-दोन वळणं. बर्फ नाही आणि पाऊसही नाही असं काहीतरी बोचरं वरून पडत होतं. पोटात पहिली कळ आली तेव्हा मी दुर्लक्ष केलं. दुसरीला सायकलवरून उतरायला बघितलं. तिसरीला उतरलो, पण तोवर उशीर झाला होता. एवढं लिहिलं म्हणजे पुरे. वय वर्षं छत्तीस, मोठ्या कंपनीत टीम लीड, आणि मी त्या घाटात रस्त्याच्या कडेला सायकल धरून, पाय फाकवून उभा होतो. मला रडू येत होतं.

मी येत नाही असं बघून सुगत वळून खाली आला. "काय झालं बे?" मी म्हटलं, तू जा पुढे, मी येतो. तो जवळ आला आणि त्याला कळलं. थोडं वर दगडी भिंतींचा एक बसस्टॉप होता, तिथे त्यानं मला दंडाला धरून नेलं. मला उलट्याही सुरू झाल्या होत्या, हात इतके कापत होते की बुटाची नाडी सुटेना. ती त्यानं खाली बसून सोडली. मग बाकीचंही त्यानंच केलं. चौघांपैकी एकट्या त्याच्याकडेच कोरडा टीशर्ट शिल्लक होता, तो त्यासाठी खर्च झाला. बाटल्यांतलं पाणी संपलं तेव्हा रस्त्यापलीकडच्या ओढ्यावर तो तीनदा-चारदा गेला. मी तोंड झाकून घेतलं, तर म्हणाला, "माझ्याकडे नको बघू. तिकडे मेंढ्या बघ." मी मेंढ्या बघितल्या. त्यानं स्वतःची कोरडी पँट मला घातली, माझे कपडे पिशवीत बांधून त्या पिशवीला गाठ मारली आणि ती आपल्या सायकलला मागे लावली. हात धुतले, पुसायला काही नव्हतं म्हणून वाऱ्यावर झटकले. "चल," तो म्हणाला. "चंद्र निघायच्या आत गावात पोचू. उपास सोडायचाय ना तुला?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. सकाळी मी त्याला काय बोललो होतो आणि आता तो काय करत होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. कुणाची घाण कुणी काढायची, याबद्दल आपल्या देशात जे चालत आलं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि माझी तर त्यानं काढली, बसस्टॉपवर, काही न मागता. पुढे गावात अभिजित आणि केदार चहा पीत बसले होते. "विन्याची चेन तुटली होती," सुगतनं त्यांना सांगितलं. बस, एवढंच. पुढे कधीही, चेष्टेतसुद्धा, त्याच्या तोंडून या गोष्टीचा शब्द निघाला नाही.

राहिलेले दिवस मी पुढे अभिजितबरोबर सायकल चालवली. सुगत मागे असला की मला पाठीवर त्याची नजर जाणवायची. मग समुद्र आला, फोटो झाले, विमान झालं, मला परत आतही घेतलं. रविवारी सकाळी सुगतचा फोन आला, "येतोस का?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मी फोन उचललाच नाही. कुणाकडे जेवण असलं की आधी आडून चौकशी करायची, सुगत येणार आहे का. पुढच्या गणपतीला मी त्याला बोलावलं नाही. अनघानं विचारलं तर म्हटलं, "राहून गेलं." खरं म्हणजे तो स्वयंपाकघरात मोदकांशी उभा राहील आणि मला ते वडे आठवतील, एवढंच कारण होतं. पण हे मला माहीत. ज्याला दरवर्षी बोलावलं जात होतं आणि एकदम बोलावेनासे झाले, तो माणूस काय समजेल, हा विचार मी केला नाही. किंवा केला असेल आणि बाजूला ठेवला असेल.

एकदा देशी किराणा दुकानात त्याला दुरून बघितलं आणि मी कणकेच्या पिशव्यांच्या थप्पीमागे लपलो. चाळीस गाठलेला बाप्या, कणकेमागे! त्याची मुलगी मैत्री तेव्हा चार-पाच वर्षांची होती. ती थप्पीच्या कडेनं डोकावली आणि ओरडली, "बाबा! विनयकाका इज प्लेइंग हाइड अँड सीक!" मी वाकून पिशवीवरचं काहीतरी वाचायला लागलो. सुगत दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला माझी पाठ दिसत होती. "हो बेटा," तो म्हणाला, "लेट हिम प्ले. चल आपण." आणि ते दोघं निघून गेले. त्याच्या पुढच्या रविवारीसुद्धा त्याचा फोन आला. तोही मी उचलला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या आजाराचं कळलं, आणि कळलं तेव्हा फार थोडं हातात राहिलं होतं. अनघा डबे घेऊन जात होती. मी शेवटी सप्टेंबरमध्ये गेलो. त्याला जिना चढवत नव्हता म्हणून खालच्या खोलीत पलंग लावला होता. चेहरा निम्मा झालेला, डोळे तसेच. मी नोकरीबिकरीचं बोलत राहिलो. त्यानं बोलू दिलं. मग म्हणाला, "विन्या, एक विचारायचं होतं यार. राहून जायला नको म्हणून."

मी म्हटलं, विचार ना.

"वेल्सहून आल्यावर तू तुटलास. मी खूप विचार केला त्यावर. मला वाटलं, मी तुला हात लावला, तेच तुला नको झालं."

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतोय. समजलं तेव्हा मी म्हणालो, "काहीतरीच काय सुगत!"

"मग?" तो म्हणाला. भांडायला म्हणून नाही. खरंच उत्तर हवं होतं त्याला. मला लाज वाटत होती रे, तू मला तसं बघितलंस याची, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी होते. मी त्याचं पांघरूण सारखं केलं, ते सारखंच होतं, आणि म्हटलं, "तू आराम कर. नंतर बोलू." मग त्यानं डोळे मिटले. ते 'नंतर' काही आलंच नाही.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारतोय. त्या बसस्टॉपवर सुगतऐवजी अभिजित असता तर? तर मी त्याच रात्री गावातल्या पबमध्ये ती गोष्ट स्वतःच रंगवून सांगितली असती. पाच वर्षं आम्ही तिच्यावर हसलो असतो. अभिजितला टाळायला मी कणकेमागे लपलो नसतो. म्हणजे सुगतनं जे ओळखलं ते अगदीच चूक नव्हतं. त्याचा हात मला नको होता असं नाही. पण त्याच्यासमोर मी खाली आलो, हे मला सोसलं नाही, आणि दुसऱ्या कुणासमोर सोसलं असतं. हे उत्तर मला आवडत नाही. माझ्याजवळ दुसरं नाही.

त्याच्या नागपूरच्या भावाला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. इथे अंत्यविधी करणारी जी फ्युनरल होम्स असतात, तशा एका ठिकाणी, बुद्धवंदनेच्या आधी, सुगतला अंघोळ घालून पांढरे कपडे घालायचे होते. मी पोचलो तेव्हा आतल्या खोलीचं दार लागलेलं होतं आणि प्रज्ञावहिनी बाहेर खुर्चीवर बसल्या होत्या. आत अभिजित आणि केदार होते. "मला सांगायचंत ना वहिनी, मी आलो असतो," मी म्हणालो.

"तुम्हाला नको वाटेल म्हणून विचारलं नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पाहुण्याला नको असेल ते वाढत नाहीत, तशा म्हणाल्या.

मग मात्र मी बोललो. त्यांच्यासमोर उभा राहून, सुगतला सांगायचं ते त्यांना सांगितलं, की तसं नव्हतं, मला लाज वाटत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वाटत असेल," त्या म्हणाल्या. "त्याला नव्हती का वाटत? दर रविवारी फोन ठेवला की गप्प बसायचा. तरी पुढच्या रविवारी फोन तोच करायचा ना?"

दार उघडलं. अभिजित म्हणाला, "झालं, या." आम्ही आत गेलो. सुगत स्वच्छ होता, शांत होता, पण ओळखू येत नव्हता. त्या दोघांनी त्याचा डावीकडे भांग पाडला होता. सुगत कधी भांग पाडत नसे. ओले केस सरळ मागे फिरवायचा आणि निघायचा. मी वहिनींकडे फणी मागितली, त्यांनी पर्समधून काढून दिली. मी त्याचे केस ओलसर होते तेवढ्यात मागे वळवले. एक बट पुढे येत होती, ती हातानं दाबून बसवली. कपाळ गार होतं. तो सुगत दिसायला लागला. आणि खरं तेच सांगतो, तेव्हासुद्धा, त्याच्या डोक्यावर हात असताना, वहिनी बघतायत ना, एवढं मी मान वळवून पाहिलं. त्या बघत नव्हत्या. मैत्रीच्या स्वेटरची बटणं लावत होत्या.

ती फणी माझ्या कोटाच्या खिशात तशीच राहिली. दोन-तीन दात तुटलेली, साधी काळी फणी आहे. आता ती मोटारीत असते, वहिनींना परत द्यायची म्हणून. स्टेशनावरून येताना त्यांच्या गल्लीचं वळण रोज लागतं आणि रोज मी सरळ पुढे येतो. त्यांचं घर तिथून पाच मिनिटांवर आहे.